तांबटाचं पांढरं कपाळ

अनंता गायकरने आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलं असेल, तर ते चुकून. अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणारा एक कारखाना होता, तिथे त्याने उभी हयात माल तपासण्यात घालवली. छापून आलेला ताव ट्यूबलाइटखाली धरायचा, जरासा तिरका करायचा, डावा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "रिजेक्ट." दिवसभर हा एकच शब्द उच्चारून पगार घेणारा माणूस घरी येऊन वेगळं काय बोलणार? कोलंबीच्या कालवणात चिंच कमी, रिजेक्ट. शेजाऱ्याच्या पोराचा पहिला नंबर आला, पण शाळाच भिकार, रिजेक्ट. कारखान्यात पाठीमागे सगळे त्याला रिजेक्ट गायकर म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि ते त्याला पदवीसारखं वाटे.

ही नोकरीसुद्धा काही त्याची नजर बघून कुणी दिली नव्हती. वडिलांची भातशेती कारखान्यांखाली गेली आणि बदल्यात पोराच्या हाती नोकरीचा कागद पडला. बापाने जिथे चिखल तुडवला, तिथेच पोराने पंख्याखाली उभं राहून लेबलं नाकारली. चुलतभाऊ बुधाजीची जमीन मात्र एमआयडीसीच्या सीमेपलीकडे राहिली होती. अंबरनाथ वाढत वाढत तिथवर गेलं, तेव्हा बुधाजीने ती बिल्डरला विकली, बंगला बांधला, दारात पांढरी धिप्पाड गाडी उभी केली आणि गळ्यात बैलाला शोभेल अशी सोन्याची साखळी घातली. अनंताकडे होता दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको सुनंदा, मुलगी तेजल आणि नजर. "पैसा काय, कुनालाबी भेटतो. नजर भेटत नाय," असं तो म्हणायचा. दुसरं कुणी म्हणत नव्हतं, तेव्हा बिचाऱ्याला स्वतःच म्हणावं लागे.

या नजरेने घराचं काय भलं केलं? तेजलला सांगून आलेलं एकेक स्थळ त्याने ट्यूबलाइटखाली धरल्यासारखं तपासलं. एकाचे दात पुढे, एकाचा काका दारू पितो, एक जण चहा पिताना आवाज करतो. शेवटी पोरीने कंटाळून आपलं आपण ठरवलं, रजिस्टर लग्न केलं आणि वांगणीला स्टेशनपासून लांब, नव्याने उठलेल्या एका बिल्डिंगमध्ये संसार मांडला. जावई साधा, कष्टाळू, बापाच्या शेतात राबून वर नोकरी करणारा. अनंताने त्यालाही रिजेक्ट केलं, पण माल आधीच गिऱ्हाइकाच्या घरी पोचला होता.

निवृत्त झाल्यावर कारखान्याने त्याला एक मानचिन्ह दिलं. लाकडावर पितळी पत्रा, पत्र्यावर नाव. अनंताने ते घरी आणून तिरकं धरलं आणि पत्रा एका बाजूला केसभर खाली बसलाय हे ओळखून दुसऱ्याच दिवशी ते घेऊन उल्हासनगर गाठलं. कॅम्प तीनला प्रीतमचं फोटोफ्रेम आणि ट्रॉफ्यांचं दुकान होतं, माल तिथलाच होता. प्रीतमने त्याचं भांडण शांतपणे ऐकून घेतलं, पत्रा नीट बसवून दिला, आणि गल्ल्याखालचा एक खण ओढून त्यातून एक टपाल तिकीट काढलं.

"गायकर भाऊ, तुमची ही नजर वाया चालली आहे," प्रीतम म्हणाला. "ये देखो. ह्याच्यात राणीचा चेहरा उलटा नाही, काही नाही, फक्त निळा रंग सरकला आहे. बरोबर छापलेला स्टॅम्प, उसको कोई पूछता नहीं. गलत छपा, तो राजा."

अनंताने भिंग घेऊन ते तिकीट पाहिलं आणि त्याला घाम फुटला. आयुष्यभर त्याने चुकीचे ताव फाडून पोत्यात भरले होते, आणि इथे लोक चुकीच्या तावासाठी जीव टाकत होते! दुसऱ्या कुणाला यातून जरा नम्रता सुचली असती. अनंताला एवढंच सुचलं, की हा छंद देवाने आपल्यासाठीच काढला आहे. त्याने अल्बम घेतला, भिंग घेतलं, तिकिटं धरायचा चपट्या तोंडाचा स्टीलचा चिमटा घेतला. भिंग आणि चिमटा तेव्हापासून त्याच्या शर्टाच्या खिशात कायमचे राहायला आले.

मग अंबरनाथ, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, बदलापूर, जिथे जिथे टपाल कचेरी होती तिथे तिथे काउंटरवरच्या माणसांच्या कपाळी हा आला. "नवीन तिकिटांचे पूर्ण ताव दाखवा." तेही बिचारे दाखवत. हा भिंग लावून ताव वरपासून खालपर्यंत पाही, मागे रांग वाढत जाई, आणि शेवटी ताव परत सरकवून तोंड वाकडं करून म्हणे, "सगळं बरोबर आहे." टपाल कचेरीतून सगळं बरोबर निघालं म्हणून चडफडत बाहेर पडणारा हा तालुक्यातला एकमेव माणूस असावा.

खोटं कशाला बोला, नजर त्याला होतीच. ज्या उल्हासनगरात जीन्सच्या पँटीला दुपारपर्यंत परदेशी लेबल लागतं, तिथे तिकिटाचा एखादा रंग औषधाने उडवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. प्रीतमने एकदा असंच एक हिरवा रंग उडवलेलं तिकीट त्याच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. अनंताने ते तिरकं धरलं, डावा डोळा मिटला आणि कागदाची तकाकी गेलेली जागा बरोबर नखाने दाखवली. प्रीतम ओशाळला नाही, उल्हासनगरात व्यापारी ओशाळत नाहीत, पण त्या दिवसापासून त्याने याला चहात वेलची घालून द्यायला सुरुवात केली.

बदलापूरला अशा तिकीटवाल्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये दहा-बारा निवृत्त माणसं जमत, एकमेकांचे अल्बम चाळत आणि घरी जाऊन एकमेकांची निंदा करत. त्यातले विष्णुपंत तेवढे मानाचे. जन्म छापखान्यात गेलेला, डोळ्याला जाड चष्मा, आवाज हळू. दर हिवाळ्यात मंडळाचं प्रदर्शन भरे आणि दोष असलेली तिकिटं विष्णुपंतांनी पाहून खरी ठरवल्याशिवाय तिथल्या फळीवर चढत नसत. अनंताच्या नावाची फळी कधी लागली नव्हती. दातेरी कड जराशी सरकलेली, शाई थोडी फिकी, अशी किरकोळ तिकिटं त्याच्याकडे होती, आणि मंडळी ती बघून 'वा वा' म्हणून पान उलटत. हे 'वा वा' त्याच्या जिव्हारी लागे. त्याला पैसा नको होता, निदान पैशासाठी तो हे करत नव्हता. त्याला एवढंच हवं होतं, की आपल्या नावाची फळी लागावी आणि चार लोकांत विष्णुपंतांनी म्हणावं, "गायकर, नजर आहे तुम्हाला." एवढ्या एका वाक्यासाठी तो गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत नकोसा होत फिरत होता.

आता सुनंदाबद्दल सांगायला हवं. तिचा एक स्वभाव होता आणि अनंताच्या मते तो दोष होता. ज्याच्यावर घर चालतं, त्याला ती कुंकू लावायची. नवा सिलिंडर आला, कुंकू. मिक्सर दुरुस्त होऊन आला, कुंकू. स्कूटरच्या हेडलाइटवर तर सणासणाच्या कुंकवाचे थर बसले होते. दसऱ्याला तिने नेहमीप्रमाणे पाट मांडला. त्यावर विळी, सासऱ्यांचा कोयता, शिवणाची कात्री, स्कूटरची चावी. वाटीत कुंकू पाण्याने कालवलं. आणि त्या वर्षी, नवरा आंघोळीला गेलेला बघून, तिने खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून भिंग आणि चिमटा काढून तेही पाटावर ठेवले. बोट बुडवून दोघांना कुंकू लावलं आणि वर झेंडूचं एकेक फूल वाहिलं. हा माणूस कोयता चालवत नाही, मशीन चालवत नाही, याचं हत्यार काय ते हेच, असा तिचा साधा हिशेब.

अनंता पंचा गुंडाळून बाहेर आला आणि पाट बघून जागीच थबकला.

"तुला अक्कल हाय का गं? यो काय कोयता हाय? भिंगाला कुंकू फासलंस? उद्या डोल्याला लाव माजे!"

"दसरा हाय," सुनंदा म्हणाली. "हत्यार पुजायचं असतं. आता तुमचं हत्यार हेच ना?"

"हत्यार! हिचं डोकंच रिजेक्ट हाय," असं भिंतीला सांगत त्याने भिंग पंचाला खसाखसा पुसलं, चिमट्याच्या दोन्ही पात्या बाहेरून पुसल्या आणि दोन्ही वस्तू पुन्हा खिशात टाकल्या. झेंडूची दोन फुलं जमिनीवर पडली होती. सुनंदाने ती उचलून कोयत्यावर ठेवली आणि श्रीखंडाची तयारी करायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातात श्रीखंडाचा डबा आणि आपट्याची पानं दिली आणि सांगितलं, तेजलकडे जाऊन या, सणाला पोरीच्या घरी माहेरचं सोनं जायला हवं. तोंड फुगवून का होईना, अनंता स्कूटर काढून वांगणीला निघाला. ऑक्टोबरचं ऊन होतं. शर्ट अंगाला चिकटला, खिसा घामाने भिजला. वांगणीच्या टपाल कचेरीचा बोर्ड दिसला आणि अर्थातच त्याची स्कूटर आपोआप थांबली.

तिथला माणूस जांभई देत होता. चित्रांची तिकिटं या गावात कोण घेणार? त्याने खणाच्या तळातून पक्ष्यांच्या तिकिटांचे उरलेले तुकडे काढून काउंटरवर टाकले. अनंता एकेक बघत गेला आणि एका जोडीपाशी थांबला. दोन्हींवर तांबट होता, दुपारच्या उन्हात वडाच्या झाडावरून टुक टुक करत बसणारा तो हिरवा पक्षी. डावीकडच्याच्या कपाळावर लालभडक टिळा होता, गळ्याशी लाल पट्टा होता. उजवीकडचा तावाच्या अगदी कडेचा. त्याचं कपाळ पांढरं होतं. गळाही पांढरा. लाल रंग तिथवर पोचलाच नव्हता.

अनंताने खिशातून चिमटा काढला. तो घामाने ओला होता, पण आता हे कोण बघतो! त्याने जोडी कोपऱ्यात धरून खिडकीच्या उजेडात उचलली, तिरकी केली, डावा डोळा मिटला. कागद अस्सल, तकाकी जागच्या जागी, आणि बरोबर एक तिकीट लाल, एक बिनलाल, दोन्ही एकमेकांना जोडलेली. जोडी असल्यावर कुणी म्हणूच शकणार नाही की रंग मागून उडवला. त्याने दर्शनी किंमत दिली, जोडी पुठ्ठ्यात घातली आणि स्कूटर वळवून थेट घर गाठलं. तेजलचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. श्रीखंडाचा डबा डिकीत तसाच परत आला. सुनंदाने झाकण उघडून वास घेतला आणि डबा मोरीत रिकामा केला.

घरी टेबलावरच्या दिव्याखाली त्याने भिंग लावलं, तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट दिसली. बिनलाल तिकिटाच्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढी एक लाल खूण होती. उलटून पाहिलं तर मागे डिंकाच्या बाजूलाही अगदी त्याच जागी तशीच खूण. शहाणा माणूस इथे म्हणाला असता, अरेरे, डाग पडला. पण अनंता अतिशहाणा होता, आणि अतिशहाण्याचा बैल रिकामा. त्याने तासभर विचार करून एक सिद्धान्त काढला. यंत्रातली लाल शाई संपत आली, या तिकिटापर्यंत येता येता आटली, पण आटता आटता शेवटचा एक थेंब कोपऱ्यात सांडून गेली. ओला ताव दुसऱ्या तावावर पडला, म्हणून ती खूण मागेही उमटली. म्हणजे हा साधा दोष नव्हता, दुहेरी दोष होता! असं तिकीट भारतात दुसरं नसणार. लाल नसलेल्या तिकिटावरचा एकुलता एक लाल!

त्याने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून लांबलचक निबंध लिहिला. कुणीतरी भीत भीत विचारलं, कोपऱ्यात डाग आहे का? अनंताने लिहिलं, ज्यांना छपाई आणि डाग यातला फरक कळत नाही, त्यांनी भाजीपाल्याचा ग्रुप काढावा. त्यावर दोघांनी अंगठे पाठवले.

प्रीतमने मात्र जोडी पाहून हात जोडले. "गायकर भाऊ, माल एकदम असली. कसम से. फक्त हा लाल डाग..."

"डाग नाही तो. तीच तर खरी गोष्ट आहे."

"असेल, असेल. पण बिना डाग के लेने वाला मिलेगा. हमारे यहाँ एक आदमी आहे, असा साफ करेल की माँ को भी पता ना चले."

"प्रीतमभाई, तुम्ही ट्रॉफ्या विका," अनंता म्हणाला आणि वेलचीचा चहा अर्धा टाकून उठला.

नात्यातल्या एका हळदीला त्याने बुधाजीलाही फोनवर फोटो मोठा करून दाखवला. मागे डीजे वाजत होता. बुधाजीने साखळी सावरत, डोळे बारीक करून पाहिलं.

"यो लाल ठिपका? आरं अनंता, यो तं माजे गारीवं पन हाय. बोनेटवं. ये, दाखवतो."

भोवतीचे खो खो हसले. अनंताला त्या गाढवाची कीव आली. ज्याला तिकीट आणि मोटारगाडी यातला फरक कळत नाही त्याच्याकडे एवढा पैसा, आणि माझ्याकडे नजर! थांबा, विष्णुपंतांची सही होऊ दे, मग बघतो एकेकाकडे.

थंडीच्या सुरुवातीला तो विष्णुपंतांच्या घरी गेला. विष्णुपंतांनी टेबलावर पांढरा कपडा अंथरला आणि जोडी बघायला घेतली. मग त्यांनी चष्मा वर केला.

"गायकर, नजर आहे तुम्हाला," ते म्हणाले. "वांगणीच्या खणात हात घालून हे काढायचं म्हणजे सोपं नाही. लाल रंग नाही, जोडी अस्सल आहे. एवढं मी आनंदाने लिहून देतो."

ज्या वाक्यासाठी हा माणूस इतकी वर्षं भटकला, ते वाक्य हे असं, समोर, स्वच्छ मराठीत बोललं गेलं. पण अनंता ते ऐकायला थांबलाच नव्हता. "आणि ठिपका?" त्याने विचारलं.

विष्णुपंतांनी जोडी उलटली, पुन्हा सुलटली. "हा छपाईचा नाही. बघा, पुढची आणि मागची खूण अगदी समोरासमोर आहे, एकाच आकाराची. ताव तावावर पडून असं होत नाही. दोन्ही बाजूंनी एकदम कुणीतरी धरल्यावर असं होतं. तुमचा चिमटा बघू."

अनंताने खिशातून चिमटा काढून दिला. विष्णुपंतांनी कापसाचा बोळा ओला केला, चिमट्याच्या पात्या फाकवून आतून हळूच फिरवला आणि बोळा पांढऱ्या कपड्यावर ठेवला. बोळा गुलाबी झाला होता.

"दसऱ्याला घरी हत्यारांची पूजा होते ना?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर अनंताला भांडता तरी आलं असतं.

पंचाला खसाखसा पुसलेला तो चिमटा त्याला आठवला. बाहेरून पुसला होता. आतून पुसायचं राहिलं होतं. घामाने भिजलेल्या खिशात कुंकू ओलं झालं, आणि आयुष्यात सापडलेल्या एकमेव खऱ्या तिकिटाला याने आपल्या हाताने ते लावलं. इतरांच्या मालात केसभर चूक शोधणाऱ्याला स्वतःच्या घरचं कुंकू दोन महिने भिंगातून बघूनही ओळखता आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि हा दिवा तर स्वतःच्याच उजेडावर खूष होता.

"काही बिघडलं नाही," विष्णुपंत म्हणाले. "प्रदर्शनात तुमची फळी ठेवतो. जोडी लावा, खाली खरं लिहा. लाल रंग नाही, आणि कोपऱ्यात हाताळताना लागलेला कुंकवाचा डाग. लोक हसतील थोडे, हसू देत. तिकीट मोठंच आहे."

दुसऱ्या कुणीही हे पदरात पाडून घेतलं असतं. अनंताने जोडी पुठ्ठ्यात घातली आणि म्हणाला, "लावीन तर दुहेरी दोष म्हणून लावीन. नाहीतर नाही."

"मग नाही," विष्णुपंत म्हणाले आणि कपड्याची घडी घालू लागले.

घरी येऊन त्याने चप्पलही न काढता सुनंदाला हाक मारली. ती भाकऱ्या थापत होती. तिच्यापुढे त्याने जोडी नाचवली. हेच तिकीट मंडळाने पाहिलं होतं, प्रीतमने पाहिलं होतं, हळदीत बुधाजीने आणि त्याच्या दारुड्या मित्रांनी पाहिलं होतं. घरातल्या बाईला दाखवावं असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

"बग! बग, काय करून ठेवलंस! दुनियेत एकच तिकीट, तुजे कुंकवानं वाटोलं झालं त्याचं!"

सुनंदाने पिठाचे हात पदराला पुसले आणि वाकून पाहिलं. भिंग लागलं नाही की दिवा लागला नाही.

"हां, कुंकूच हाय," ती म्हणाली. "आपलंच. पन मी तं चिमट्याला लावलं व्हतं. तिकटाला कुनी लावलं?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तिने उलटली.

"आदी दाखवलं असतं तं तवाच सांगितलं असतं," ती पाठमोरी म्हणाली. "इचारलं कदी?"

प्रदर्शन ठरल्या दिवशी भरलं. विष्णुपंतांनी गायकर नावाची फळी खरंच ठेवली होती. वरती नाव, खाली मोकळं हिरवं कापड. अनंता बघायला गेला, कारण न जाण्याइतकाही ताठा त्याच्यात उरला नव्हता. दुसऱ्यांच्या फळ्यांपुढे उभा राहून त्याने एकाची चौकट वाकडी, एकाची पट्टी पिवळी पडलेली, असं काहीबाही काढलं. कुणी ऐकून घेतलं, कुणी नाही. स्वतःच्या फळीपुढून जाताना तो फोन बघत गेला. नंतर प्रीतमच्या दुकानात जाऊन अनंताने सांगितलं, विष्णुपंतांना आता दिसत नाही नीट, वय झालं त्यांचं. प्रीतमने मान डोलावली. पण त्या दिवशी अनंताला साधा चहा मिळाला.

मग पुढचा दसरा आला. सुनंदाने पाट मांडला. विळी, कोयता, कात्री, स्कूटरची चावी. जावई सणाला आला होता, तर तिने त्याच्या मोबाइललाही मागच्या बाजूने बोट टेकवलं आणि तो हसून नमस्कार करून गेला. अनंता खुर्चीत बसून हे सगळं पेपराआडून बघत होता. त्याच्या नजरेला आता भलतंच दिसायला लागलं होतं. मिक्सरवर लाल ठिपका, सिलिंडरवर लाल ठिपका, कपाटाच्या कडीवर, शिलाई मशीनच्या चाकावर, त्याच्या मानचिन्हाच्या लाकडावरसुद्धा कधीचा तरी वाळून काळपट पडलेला एक ठिपका. इतकी वर्षं या घरात राहून त्यातला एकही त्याने तपासला नव्हता.

पूजा संपत आली तरी खुंटीवरच्या शर्टाकडे ती वळली नाही. शेवटी त्याने स्वतःच उठून खिशातून भिंग आणि चिमटा काढले आणि पाटाशी येऊन उभा राहिला.

"यवडं राहिलं," तो म्हणाला.

सुनंदाने वर पाहिलं. मग कुंकवाची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि निरांजन पेटवायला घेतलं.

"तुमीच लावा," ती म्हणाली. "तुमच्या हातचं निगत नाय."